गुरुवारच्या सुनावणीआधी

प्रिय जाऊबाईंस,

आज तुमच्या नावाने पार्सल आलं. पोहायचे चष्मे दोन, लहान मापाचे, एकोणीस सिंगापुरी डॉलर, पैसे तुम्ही आधीच भरलेले. भावोजींनी ते माझ्या हातात दिलं आणि मला राहवेना. तुम्ही देवाघरी जाऊन तीन आठवडे झाले, तरी हे पत्र लिहायला बसले.

दोन कशाला, हे मलाच तेवढं माहीत. एक त्या मुलीला, एक तिच्या धाकट्या भावाला.

कोर्टात जिच्या बाजूने तुम्ही विनामोबदला बोलायचात, तिचं नाव कधी सांगितलं नाहीत. नियमच तसा. पण त्या शेवटच्या शनिवारी आंग मो किओला तिला भेटून आलात, माझ्यासमोर मेथी निवडायला बसलात आणि बोलून गेलात. "शैला, ती म्हणते, कुठेही ठेवा, पण भावाबरोबर ठेवा. जज्जना एवढंच सांगा."

"मला कशाला सांगता? काढून टाकतील तुम्हाला."

"पगार कुठे आहे कापायला?" म्हणून हसलात.

सोमवारी अहवाल लिहिणार होतात, रविवारीच गेलात. इतकी कसली घाई होती?

दोघांना वेगवेगळ्या घरी ठेवायचं घाटतंय, या गुरुवारी सुनावणी आहे, हेही तुम्हीच म्हणाला होतात. तुमच्या जागी कोण, एवढंच मी तुमच्या ऑफिसला फोन करून विचारलं. तिथली मुलगी इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "आंटी, न्यू व्हॉलंटियर नेक्स्ट मंथ लाह." मग गुरुवारी त्या पोरीच्या बाजूने कोण बोलणार?

मी सांगावं, तर तुम्ही घरी बोललात हे उघड होणार. भावोजींना विचारलं तर म्हणतात, "इतकी वर्षं नाव सांभाळलं तिने. गेल्यावर बट्टा नको." त्यांचंही चुकत नाही हो.

काल देवीला कौल लावला. पंखासुद्धा बंद केला. उजवं फूल पडलं तर सांगायचं, डावं पडलं तर गप्प. दोन्ही चिकटून बसली. घामाघूम होऊन बघत राहिले. शेवटी म्हटलं, असू दे आई, माझं मी बघते.

उद्या मी ऑफिसात जाते. इंग्रजी मोडकं आहे, तरी तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगेन. आणि त्या शनिवारी तिच्या काळजीने तुम्हाला घास उतरत नव्हता, हेही सांगेन. पदरचं काही घालणार नाही, हा माझा शब्द.

हरकत असेल तर उलट टपाली कळवा. मी नऊच्या बसने निघते.

तुमची धाकटी जाऊ,
शैला