पांढरीतलं बाळ

॥ श्री ॥
धामणगाव बढे,
दि. ९ मे २०२४

चि. निवेदिता हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहायला घेतले आणि हात थांबला, कारण ठीक नाही. माझे कान आता अगदीच गेले. फोनवर तुझा नुसता भुणभुणाट येतो, तेव्हा पत्रच बरे. जुन्या हाडांवर का कुणाचे पोट भरते, म्हणून मी तुला चिडवत असे. आज त्याच कामासाठी तुला हाक मारतो आहे.

परवा शेततळे खणायला जेसीबी लावला. वरच्या अंगाला आपली पांढरी, तो पांढुरक्या मातीचा उंचवटा आहे ना, तिथे. पुरुषभर खोल गेल्यावर मोतीराम ड्रायव्हरने एकाएकी मशीन बंद केले. खाली मातीची दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. एक फुटले होते. आत बोटभर लांबीची हाडे. तान्ह्या बाळाची आहेत, हे सांगायला डॉक्टर नको होता.

नेमकी त्याच वेळी आमची सून छाया भाकरी घेऊन बांधावर आली. तिचे पाच महिन्यांचे बाळ दोन वर्षांपूर्वी तापाने गेले, ते तुला ठाऊकच आहे. आपल्यात तान्ह्याला पुरतात, बायका सोबत येत नाहीत. तिला जागा कुणी दाखवली नव्हती. हाडे पाहताच ती टोपले टाकून धावली. माझ्या सोन्याले काऊन खणलं, एवढेच ओरडत राहिली. आमच्या रामने धावत जाऊन तिला धरले. मी उभ्या जागी उभा. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

शेजारचा पुंजाजी म्हणतो, नदीत सोडून मोकळे व्हा. छायाने ती मडकी पदरात घेऊन घरी आणली, सुपात ठेवली, आणि आता कुणाला हात लावू देत नाही. काय करावे ते कळव.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
नारायणमामा


पुणे,
दि. १६ मे २०२४

ती. मामांस सा. न. वि. वि.

रामदादाने पाठवलेले फोटो पाहिले आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. तातडीचं ते त्याला फोनवर सांगितलं आहे: मडकी धुऊ नका, खणणं थांबवा, तहसीलला कळवा. बाकीचं तुमच्यासाठी लिहिते.

हे बाळ वहिनीचं नाही. घडण आणि रंगकाम पाहता मडकी तीन हजार वर्षांपूर्वीची असावीत. आपल्या भागात पहिल्यांदा शेती करून एका जागी राहिलेल्या लोकांमध्ये तान्ही मुलं अशी पुरायची रीत होती. आणि कुठे पुरत, ते ऐकून तुम्ही दचकाल. गावाबाहेर नाही, राहत्या घराच्या जमिनीखाली. तुमची पांढरी म्हणजे त्यांच्या पडलेल्या घरांची माती आहे.

मी आमच्या सरांना घेऊन पुढच्या आठवड्यात येते. मामीला म्हणावं, पाटवड्यांची आमटी तयार ठेव.

तुमच्या आशीर्वादाची हक्काची वाटेकरी,
निवेदिता


पुणे,
दि. २ जुलै २०२४

ती. मामांस सा. न. वि. वि.

त्या आठ दिवसांत घरच्यासारखं नव्हे, घरचंच केलंत. सरांनी तुमच्या शेवभाजीचा धसका घेतला आहे, पण नाव अजून काढतात.

मडकी ज्या जागी होती तिथे शेणाने सारवलेली जमीन निघाली, हातभर अंतरावर चूल, आणि कोपऱ्यात जळालेले जव, मसूर, ते तुम्ही पाहिलंच. वहिनीने निघताना ते सूप माझ्या हाती दिलं, आता त्या बाळाच्या दातांबद्दल लिहायचं आहे. तीन दिवस लिहू की नको करत होते.

हिरडीतून बाहेर न आलेले दात जबड्यात शाबूत होते. दुधाचे दात आईच्या पोटातच घडू लागतात. आई उपाशी किंवा आजारी असेल, तर दाताच्या वरच्या चकचकीत थरात खाच राहते. या बाळाच्या दातावर तशी खोल खाच आहे, जन्माआधीची. मामा, घरात धान्य होतं आणि तरीही ती बाई पोटुशी असताना उपाशी किंवा आजारी होती.

तुम्ही विचारलं होतंत की शेतीने माणूस सुखी झाला ना. झाला, पण लगेच नाही, आणि सगळा नाही. शेतीआधी शिकार-कंदमुळांसाठी फिरणाऱ्या बाईला एकच मूल कडेवर नेता येई, म्हणून पुढचं उशिरा होई. घर बांधलं, पेज शिजू लागली, तशी मुलं लवकर लवकर होऊ लागली. तेच पाणी, अंगाशी गुरं, दोन-चार पिकांवरच भिस्त. मुलं जास्त झाली आणि मेलीही जास्त. तरी जगलेली पुरेशी होती. त्यांच्या शिलकी धान्यावर कुंभार, लोहार बसले, गावं वाढली, पुढे शहरं, लिहिणं, कायदे. आपण सगळे त्या जगलेल्यांचे.

वहिनीला दाताचं सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

पत्राची वाट पाहायला लावू नका.
निवेदिता


॥ श्री ॥
धामणगाव बढे,
दि. १० जुलै २०२४

चि. निवेदितास आशीर्वाद.

एकतीस वर्षे मी चौथीच्या मुलांना शिकवले: शेती आली, माणूस स्थिरावला, पोटभर जेवू लागला. फळ्यावर झोपडी काढायचो, शेजारी कणसे. त्या झोपडीच्या जमिनीखाली काय असेल, हे एकाही मुलाने विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. तुझे पत्र वाचून दोन दिवस जेवण गेले नाही.

छायापासून लपवले नाही. मी वाचत गेलो, ती शेंगा सोलत ऐकत होती. दाताचे आले तेव्हा तिचे हात थांबले. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, की मामाजी, त्या बाईनं लेकरू चुलीजवळ ठेवलं. मायं कुठी ठेवलं तुमी?

निवेदिता, आता जे लिहितो ते तुझ्या मामीलाही ठाऊक नाही. बाळ गेले तेव्हा छाया त्याच तापात बुलढाण्याला दवाखान्यात होती, राम तिच्याजवळ. मी एकट्यानेच पुरले. नंतर दोघांनी विचारले, तर नीट आठवत नाही म्हणालो. जागा कळली की पोरगी तिथेच जाऊन बसेल, विसरणार नाही, असे मला वाटले. मला सगळे आठवते. ओढ्याकडचा खालचा कोपरा. कृषी सहायकाने शेततळ्यासाठी तोच दाखवला होता. मी हट्टाने तळे वर पांढरीत नेले, कारण कुणाला सांगितले नाही.

म्हणजे बघ, त्या सकाळी ती ऊर फुटेस्तोवर ओरडत होती, तेव्हा हे तिचे नव्हे हे तिथे एकट्या मला माहीत होते. एका वाक्याचे काम होते. मी खोटा ठरेन म्हणून गप्प राहिलो. ऐकू येत नाही याचा मला त्या दिवशी आधार वाटला. ही गोष्ट लिहिताना माझीच मला भीती वाटते आहे.

काल तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. उद्या सकाळी दोघांना घेऊन जातो. त्यानंतर ती मला काय म्हणेल ते म्हणो.

तुला मामाची लाज वाटली, तरी पत्र बंद करू नकोस.
नारायणमामा


धामणगाव बढे,
दि. १४ जुलै २०२४

निवेदिताताईले छायाचा नमस्कार.

मामाजीनं पत्र लिहिलं ते त्यायनं वावरातून आल्यावर मले वाचाले देलं, मंगच पाकिटात घातलं. म्हणून तुमाले सारं माहीत आहे, मी पुन्हा नाई लिहीत.

आमी तिघं गेलो. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली, पण तिथी दोन हात जागा मोकळी. यंदा नाई, दोन वर्सापासून मामाजी तिथी पेरूच देत नव्हते म्हणे. याईले, तुमच्या दादाले, वाटायचं, पाणी साचते म्हणून.

मी लय बोलली, ताई. जे तोंडात आलं ते बोलली. याईनं आवरलं नाई मले. मामाजीले किती ऐकू गेलं माहीत नाई, पण ते मायाकडंच पाहत होते, एकदाही मान खाली घातली नाई त्यायनं.

मंग मी इचारलं, की डोकं कोणीकडं आहे. मले वाटलं, आता म्हणतीन आठवत नाई. तर ते चिखलात खाली बसले. बोटानं जागा दाखवली, इथी डोकं, इथी पाय. निळं दुपटं होतं म्हणाले. मुठी आवळलेल्या होत्या म्हणाले, एक त्यायनं उघडून पाह्यली, तर उघडली नाई. अन् मंग मामाजी जे रडले, ताई, तसं मानसाले रडताना मी कधी पाह्यलं नाई.

मी त्यायच्याजवळ बसली. घरी यायले दुपार झाली.

तुमची वहिनी,
छाया