अल्स्टरचा ‘ड’ आणि डब्लिनचा ‘अ’

ड्रोहेडा,
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सुचित्राचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

त्या दिवशीच्या फोननंतर मी ठरवलं, की महत्त्वाचं ते यापुढे पत्रानेच कळवायचं. मी अल्स्टर म्हणत होते आणि तुम्हाला अल्सर ऐकू येत होतं. विवेकच्या पोटाला काहीही झालेलं नाही. अल्स्टर हा इथला, आयर्लंडचा, उत्तरेकडचा प्रांत आहे. तुम्ही पाठवलेली ज्येष्ठमधाची पूड पोचली. विवेक ती चहात घालतो आणि इथल्यांसारखं ‘ग्रँड’, म्हणजे झकास, लागते म्हणतो.

आता मूळ बातमी. निहारिका शाळेच्या गेलिक फुटबॉलच्या टीममध्ये गोलकीपर झाली आहे. या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेतलेला चालतो, तेव्हा कृपया रागावू नका. जाळ्यात मारला की तीन गुण, आडव्या दांड्यावरून मारला की एक. शाळेत मुली किती, यावरून टीमची श्रेणी ठरते. मोठ्या शाळा ‘अ’मध्ये, मग ‘ब’, ‘क’, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. आमच्या शाळेत पंधरा मुली जमवतानाच बाईंची दमछाक होते. गोलमध्ये उभं राहायला कोणीच तयार नव्हतं, म्हणून ही उभी राहिली.

विवेकने यावर एक भलीमोठी एक्सेल शीट केली आहे. त्याचं म्हणणं, शाळेचा आकार ही शुद्ध धूळफेक आहे, खरा जोर प्रांताचा. अल्स्टरची ‘ड’ टीम म्हणजे डब्लिनच्या ‘अ’ला भारी. ड्रोहेडा अल्स्टरमध्ये येत नाही, हे मी त्याला नकाशावर दाखवलं. तो म्हणाला, वारं तर तिकडूनच येतं.

हे घरात राहिलं असतं तर बरं. पण त्याने डब्लिनमधल्या सँट्रीच्या ऑफिसात हे सगळं आपल्या मॅनेजरला, डेक्लनला, ऐकवलं. डेक्लनची मुलगी ईफा डब्लिनमधल्याच ब्लँचर्डस्टाउनकडच्या एका अवाढव्य शाळेत आहे, आणि ती टीमची स्टार असल्याचं तो ऑफिसभर सांगत असतो. दोघांची जुंपली आणि दोन्ही शाळांच्या मागे लागून त्यांनी एक मैत्रीचा सामना ठरवला. ज्याची शाळा हरेल त्याने ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीला दुसऱ्या शाळेची जर्सी घालून यायचं.

निहारिका तेव्हापासून बापाशी बोलत नाही. जे काही असेल ते माझ्यामार्फत, तेही इंग्रजीत. तुम्ही एवढी वर्षं शाळेच्या कबड्डीच्या टीम घडवल्यात. तुम्हाला काय वाटतं, ते लिहा.

आमच्यावरची माया आहे तशीच ठेवा, तिची श्रेणी बदलू नका.

तुमची,
सुचित्रा


अमरावती,
२३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सुचित्रा हिस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पावलं.

ते मी सकाळी बागेत आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. तिथेच चुकलं. मोहन कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, हे तुला ठाऊक आहेच. तो लगेच म्हणाला, की हजार पोरींतून निवडलेल्या पंधरा आणि शंभरातून ओढून आणलेल्या पंधरा यांत तुलनाच होऊ शकत नाही, जावईबापूंना आवरा. मी त्याला धारणीच्या पोट्ट्या ऐकवल्या. मेळघाटातल्या आश्रमशाळेची ती टीम. एस.टी.तून आली, बदली खेळाडू नाही, आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या शाळेला जिल्ह्याच्या फायनलमध्ये लोळवून गेली. मोहन म्हणाला, एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही. मी म्हणालो, तू त्या पोरींसमोर मैदानात उतरून हे सांगायला हवं होतंस.

झालं. आता कडुनिंबाखालचा बाक अल्स्टर आणि नळाजवळचा बाक डब्लिन. मोहन माझ्याशी बोलत नाही. मला टाळायला म्हणून तो बागेला उलट्या दिशेने फेऱ्या मारतो. त्यामुळे दर फेरीला आम्ही दोनदा समोरासमोर येतो आणि दोघंही आभाळाकडे बघतो. चहा वेगवेगळ्या टपऱ्यांवर होतो. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चहाला चव राहिलेली नाही. तेव्हा निहारिकाने जिंकावं, म्हणजे हा विषय एकदाचा मिटेल.

तिला माझ्याकडून एवढं सांग, की गोलमध्ये उभी राहणारी ही उरलेली पोरगी नसते. बाकीच्या चौदाजणी जिच्याकडे पाठ करून निर्धास्त पळू शकतात, अशी ती असते. विवेकरावांना नमस्कार, आणि त्यांनी काही दिवस कमी बोलावं अशी विनंती.

तुम्हा तिघांवर माझा जीव आहेच. तो सांभाळा.

तुझा,
बाबा


ड्रोहेडा,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल सामना झाला. आधी सांगते, आम्ही जिंकलो. पण लगेच मोहनकाकांकडे धावू नका, पुढचं वाचा.

आमच्या शाळेत फ्लूची साथ आली आणि मिनीबसमधून उतरल्या अवघ्या अकरा मुली. समोरच्यांच्या नुसत्या राखीव मुलीच आमच्या टीमपेक्षा जास्त होत्या, एका लांबलचक बाकावर कोट गुंडाळून बसलेल्या. त्यांच्या बाई भल्या. त्या म्हणाल्या, आमच्या चार घ्या. बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. ‘अ’ सोडून ‘ड’मध्ये कोण येणार? मग अगदी टोकाची एक लाल केसांची मुलगी उठली आणि आमची जर्सी मागायला लागली. ती ईफा. तिच्या मागोमाग आणखी तिघी आल्या.

डेक्लन माझ्या शेजारीच उभा होता, गळ्यात त्यांच्या शाळेचा स्कार्फ. स्टार खेळाडू राखीव बाकावर का होती, हे त्याला कळेना. मला निहारिकाकडून नंतर कळलं. त्या शाळेत आल्यापासून ईफाला एकदाही मैदानात उतरवलेलं नाही. बापाला वाईट वाटेल म्हणून ती घरी जाण्यापूर्वी सॉक्स मुद्दाम चिखलात बुडवायची. डेक्लन कामामुळे कधी सामन्याला गेलाच नव्हता. तो सॉक्स धुवायचा आणि ऑफिसात येऊन बढाया मारायचा.

इकडे दोन्ही बापांचा वाद सुरू झाला, की अकरा ‘ड’ आणि चार ‘अ’ मिळून कोणती श्रेणी होते. विवेकने पावसात मोबाइलवर हिशोबही मांडला. निहारिकाने तोवर तीन गोल अडवले. एक हातांनी, एक पायाने आणि एक नाकाने. नाकाचा बेत नव्हता. अगदी शेवटी गुण बरोबरीत असताना चेंडू ईफाकडे आला. क्षणभर तिला आपण कोणत्या बाजूला खेळतोय तेच आठवेना. मग आमची अख्खी टीम एका दिशेला हात करून ओरडली आणि तिने चेंडू दांड्यावरून मारला. डेक्लन तो स्कार्फ गरागरा फिरवत मैदानात धावला. आपली शाळा हरली, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

भानावर आल्यावर तो म्हणायला लागला, की गुण ‘अ’च्या मुलीचा, म्हणजे विजय आकाराचा. विवेक म्हणे जर्सी ‘ड’ची, म्हणजे विजय प्रांताचा. तेवढ्यात निहारिका आली. नाकात कापूस, चेहरा चिखलाने माखलेला. बाबा, तुम्हाला ठाऊक आहे, ती घरीसुद्धा क्वचित मराठी बोलते, चारचौघांत तर कधीच नाही. काल बोलली, ईफाकडे बोट दाखवत.

“बाबा, जिंकली ती आहे. तुम्ही दोघं गप्प बसा.”

डेक्लनला शब्द कळले नाहीत, पण त्याने स्कार्फ काढून खिशात कोंबला. पार्किंगमध्ये ईफा त्याच्याशी काहीतरी बोलली. त्यानंतर ती दोघं गाडीत बसून राहिली. आम्ही निघालो तरी त्यांची गाडी सुरू झाली नव्हती.

नाक ठीक आहे, हाड मोडलेलं नाही. काळजी नको, आशीर्वाद मात्र हवेत.

तुमची,
सुचित्रा


अमरावती,
१० डिसेंबर २०२४

चि. सौ. सुचित्रा हिस,
अनेक आशीर्वाद. निहारिकाच्या नाकाला वेगळे.

पत्र घेऊन मी सरळ नळाजवळच्या बाकावर गेलो आणि दोन्ही पक्षांना एकत्र बसवून वाचलं. सॉक्सचं ऐकल्यावर मोहन सगळ्यांत आधी बोलला. मला वाटलं, आता आकडे काढणार. त्याने विचारलं, त्या पोरीला पुन्हा खेळायला मिळालं का? मग म्हणाला, की मोठ्या शाळेची ताकद मोजताना बाकावर किती पोरी बसवून ठेवल्या, तेवढी वजा करायला हवी. मी त्याला म्हणालो, की हे तू पहिल्याच दिवशी म्हणाला असतास तर दीड महिना आभाळाकडे बघून माझी मान अवघडली नसती. आता आम्ही एकाच दिशेने चालतो. ती दिशा त्याची, असं तो म्हणतो. प्रत्यक्षात ती माझी आहे.

सगळे रोज विचारतात, म्हणून त्या ईफाचं सविस्तर लिही. तिला एकदा घरी जेवायला बोलव आणि साबुदाण्याची खिचडी कर. खेळणाऱ्या मुलांना भूक फार असते.

आमचा लोभ आता तिच्यावरही आहे, हे तिला सांग.

तुझा,
बाबा


ड्रोहेडा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार. मोहनकाकांनाही सांगा. वि. वि.

ख्रिसमस पार्टीला डेक्लन आमची जर्सी घालून आला. ती शाळकरी मुलींच्या मापाची होती, त्यामुळे त्याला हात खाली घेता येत नव्हते. विवेकनेही त्यांची घातली. पैज कोण हरलं, हे कोणी विचारलं नाही.

ईफा जेवून गेली. खिचडी तिने तीनदा घेतली. सुट्टीनंतर ती आणि त्या तिघी आपल्या बाईंकडे गेल्या आणि बाकावरच्या सगळ्या मुलींची दुसरी टीम काढा म्हणाल्या. बाईंनी काढली. नवखी टीम म्हणून तिला श्रेणी मिळाली ‘ड’. आणि परवा शुक्रवारी त्यांचा पहिला सामना होता तो आमच्याशीच.

आम्ही सपाटून हरलो, बाबा. ईफाने गोल केला. निहारिकाने चिडून जाळ्यातला चेंडू काढला आणि जीव खाऊन लांब मारला, तो नेमका पुन्हा ईफाच्याच हातात. तिने दुसरा गोल केला. डेक्लन अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. तो टाळ्या वाजवायचा आणि लगेच विवेकची माफी मागायचा.

घरी येताना निहारिका मागच्या सीटवर ईफाच्या नावाने सारखी बडबडत होती. अशी मैत्रीण असते का, खिचडी खाते आणि गोल करते, पुढच्या वेळी बघतेच तिला. हे सगळं मराठीत. विवेकला रस्ता चुकल्याचं कळलं होतं आणि मलाही. पण आम्ही दोघांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ती थांबली असती, तर पुन्हा इंग्रजीत सुरू झाली असती.

तुमची,
सुचित्रा