दुधातली गोळी

डॉक्टरसाहेब,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, हेही फाडीन.

तुम्ही बजावलं होतं, ऑपरेशनच्या आधीचे पाच दिवस ह्यांची ठोके आवरणारी गोळी बंद. टेबलावर ठोके बिघडले तरच बिघाडाची जागा सापडणार, मग तेवढीच जाळायची. मला पटलं होतं. पण तिसऱ्या दिवशी ह्यांची छाती फडफडायला लागली आणि माझा धीर सुटला. ह्यांच्या नकळत मी गोळी कुटून दुधात घातली. चौथ्या दिवशीही. पाचव्याही.

मांडीतून हृदयापर्यंत नळी घालून तुम्ही चार तास ठोके बिघडवू पाहिलेत. ते बिघडलेच नाहीत. बाहेर आल्यावर हे हसले, शेवटी मास्तरच. "साहेब तपासणीला आले की वर्ग कसा चिडीचूप, तसं वागलं बघ माझं काळीज!"

तेव्हाच बोलले असते, तर तुम्ही पुन्हा तारीख दिली असतीत. पण जीभ रेटली नाही.

तीन आठवड्यांनी दाढी करताना हे कोसळले, ते गेलेच. तुम्ही घरी आलात. मान खाली घालून म्हणालात, "मला जागा सापडली नाही. मी कमी पडलो, माफ करा."

आणि मी तुम्हाला माफ केलं.

तुमच्या पेशंटची बायको