नट्टीच्या गाण्याची शेवटची ओळ

आई, काल संध्याकाळी रामनगरला आमच्या पोरांचा कार्यक्रम झाला. मावशी आली होती. तुझं गाणं तिनं पोरांच्या तोंडून ऐकलं आणि मी पकडली गेले. पण आधी सगळं सांगायला हवं, नाहीतर मी काय करून बसलेय ते तुला कळायचं नाही.

मी बेळगावच्या गाणाऱ्या मुलांबरोबर गावोगाव फिरते. गाणं शिकवायला सर आहेत. उरलेलं सगळं माझ्याकडे. सकाळी मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करून घ्यायच्या, वेण्या घालायच्या, कुणाचा एक मोजा हरवला तो शोधायचा, ओले गणवेश बसच्या खिडक्यांना वाळत घालायचे, कार्यक्रमाआधी कुणी थंड पाणी प्यालं तर ओरडायचं आणि ओरडल्याचं वाईट वाटून मग शेंगदाण्याचा लाडू द्यायचा. पोरं मला अक्का म्हणतात. त्यातली सगळ्यात धाकटी, पुढचे दात पडलेली, तिला घाट लागला की पोटात ढवळतं आणि घरची आठवण येते, दोन्ही एकदमच. गेल्या हिवाळ्यात गोव्याहून येताना अनमोडच्या घाटात ती माझ्या मांडीवर ओकली आणि रडायची थांबेना. मला काही सुचेना म्हणून तिच्या कानाशी मी तुझं नट्टीचं गाणं धरलं. नट्टीला, भाताची रोपं लावताना तू ओळ टाकायचीस आणि बाकीच्या बायका वाकूनच मागं मागं सरकत ती उचलायच्या, तेच. पोर शांत झाली. मागच्या सीटवरच्या दोघी गुणगुणायला लागल्या आणि सरांनी मान वळवली.

सरांना गाणं फारच आवडलं. म्हणाले, "ह्याचा शेवट काय?" आई, शेवटच मला येत नव्हता. शेवटचं कडवं तू वर्षातून एकदाच म्हणायचीस, शेवटच्या खाचरात, रोपांची शेवटची मूठ हातात असताना. ते संपलं की कुणी बोलायचं नाही, सगळ्यांनी गुमान ओहोळावर जाऊन हात धुवायचे. मी तोवर कंटाळून बांधावरून घराकडे पळालेली असायचे. एकदा तू भाकरी थापत होतीस आणि मी चुलीपुढे बसून हट्ट धरला, म्हणून दाखव म्हणून. पिठाच्या हातानं तू माझं तोंडच दाबलंस. "कोरड्या पायानं म्हणायचं न्हाई ते. शेत अर्ध्यावर ऱ्हातंय." ओठांना लागलेलं ते तांदळाचं पीठ मी चाटते आहे आणि तू हसू दाबते आहेस, हे मला आत्ताही दिसतं. कडव्याची पहिली ओळ तेवढी पळता पळता कानावर पडलेली होती. दुसरी कधीच नाही.

येत नाही म्हणून सांगायला काय झालं होतं? पण सर मोठ्या कौतुकानं वाट बघत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे गुळण्यांच्या पाण्याखेरीज काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या वेण्या घालता घालता मी ओळ रचली आणि आईचीच आहे म्हणून सांगितली.

मातीबाई, मातीबाई, पाय आमचे सोड,
लेकरू ठेवून चाललो घरी, बोल तेच्याशी गोड.

ही दुसरी ओळ कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. तू मला बेळगावच्या वसतिगृहात सोडायला आलीस, ट्रंक खाटेखाली सारलीस, माझा फ्रॉक ओढून सारखा केलास, "नीट शीक" म्हणालीस आणि बस चुकेल म्हणून मागं न बघता गेलीस. ते माझं गाऱ्हाणं होतं. ते मी तुझ्या गाण्यात घुसवलं आणि वर तुझ्याच तोंडी घातलं. माणूस वारल्यावर त्याला उलट उत्तर देता येत नाही, त्याचा फायदा घेतला म्हण.

काल सरांनी माईकवरून सांगितलं, हे जोयड्याच्या रानातलं जुनं गाणं. पुढच्या रांगेत मावशी बसलेली, बाजारकुणंगहून आलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तुझ्याबरोबर नट्टी लावणाऱ्या दोघी. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन पडद्याआड उभी. शेवटचं कडवं गाळा, एवढं आधी पोरांना सांगता आलं असतं. नाही सांगितलं. धाकटीनं एकटीनं ती ओळ म्हटली, सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं, आणि त्या तिघी टाळी न वाजवता उठल्या. शाळेच्या नळावर जाऊन हात धुवायला लागल्या. मी मागोमाग गेले.

"कोरड्या पायानं म्हणाय लावलीस पोरांस्नी," मावशी म्हणाली.

"चुकलं, मावशी."

"आन ती वळ कुणाची?"

"माझी."

"व्हय. माझ्या अक्काची, तुझ्या आईची न्हवं ती."

"मग तिची कुठली होती? सांग की."

मावशीनं नळ बंद केला, पदराला हात पुसले. "नळापाशी सांगू व्हय गे? नट्टीला ये. चिखलात हुभी ऱ्हा, मूठ हातात घे. तवा सांगीन." मी येते म्हणाले. निघताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि पावसाळा अजून बराच लांब आहे.

आज आम्ही दांडेलीला निघालोय. गणेशगुडीच्या वळणांवर धाकटीनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि गाणं मागितलं. मी शेवटच्या कडव्याच्या आधीच थांबले, तर तिनं पुढच्या दोन्ही ओळी स्वतःच म्हटल्या आणि झोपी गेली. तिच्या लेखी गाणं तेच आहे. हा कागद घडी करून मी गुळण्यांच्या मिठाच्या डब्याखाली ठेवीन.

एक गोष्ट वर लिहायची मी टाळली. पोरीनं माझी ओळ म्हटली तेव्हा मावशीनं पदर डोळ्यांना लावला होता. ते मी पडद्याआडून बघितलं आणि आई, मला आनंद झाला. लाज वाटली ती नंतर, नळापाशी.