पंजा दाबला की पाय ओढते

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७.१०
मुलगी पाच आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. तिची कुत्री आमच्याकडे. लांबच लांब अंग, चार बोटं उंचीचे पाय, पोट जमिनीला टेकायच्या बेतात. नाव काहीतरी जड ठेवलंय. मी फूटपट्टी म्हणायचो, त्याचं आता नुसतं पट्टी झालं. वय पाच. वजन जास्त. निघताना मुलगी दोनदा म्हणाली की बाबा, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, या जातीची पाठ नाजूक असते. नाजूक हा शब्द मी चौतीस वर्षं पालकांच्या तोंडून ऐकला. अशी नाजूक मुलं महिनाभर मैदानावर आणली की ठणठणीत होतात. उगाच नाही पी.टी. शिकवत होतो.
संकल्प: मुलगी परत येईपर्यंत पट्टीला खेळाडू करणे.

६ ऑक्टोबर, सोमवार
सोफा चढ-उतार: सहा. शिट्टीला चढते, शिट्टीला उतरते. बिस्किटाचा चतकोर. बायको म्हणाली की पोरीने काय सांगितलं होतं ते विसरलात का. मी म्हटलं, पोरीने उडीला मनाई केली आहे, हा व्यायाम आहे. ती दुकानात निघून गेली. मुद्दा संपला की ती कामावर जाते.

८ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ५.३०
बाराव्यांदा सोफ्यावरून उतरताना किंचाळली. मग पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात उभी. थरथर. मान खाली नेऊन पाणीही पीत नाही. पोटाला हात लावला तर पोट दगड.
निदान: गॅस.
उपाय: उद्या बिस्किट बंद.

९ ऑक्टोबर, गुरुवार
बायकोने सुट्टी टाकून दवाखान्यात नेलं. मलाही नेलं. डॉक्टर कोण निघावा? माझाच विद्यार्थी. दर आठवड्याला आईची चिठ्ठी आणायचा, पोटात दुखतं म्हणून. आम्ही त्याला चिठ्ठीच म्हणायचो. तेव्हा आईची चिठ्ठी आणायचा, आता स्वतः लिहून देतो. मला बघून उभा राहिला, सर म्हणाला. संस्कार टिकलेत.

त्याने पाठीवरून दोन बोटं फिरवत नेली. छातीचे तेरा मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे ती कळवळली. म्हणाला की दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, गादीत मऊ गर. या जातीत तो गर लहान वयातच वाळून खडूसारखा होतो. एक दिवस गादी फाटते, गर वर येतो आणि मज्जारज्जू दाबतो. पोट कडक आहे तेही पाठीच्या दुखण्याने, गॅसने नाही. म्हणजे बिस्किट पुन्हा चालू.

हुकूम: चार आठवडे पिंजरा. शी-शूला उचलून न्यायचं, उचलून आणायचं. गोळ्या. म्हणाला की सर, बिघडलं तर क्रमाने बिघडतं. आधी तोल जातो, मग पाय, मग लघवीवरचा ताबा, सगळ्यात शेवटी वेदनेची जाणीव. तोल गेला तरी लगेच फोन करा. ती जाणीव गेली तर ऑपरेशनला जेमतेम एक दिवस हातात असतो. मग मागचा पंजा चिमट्याने दाबून दाखवला. तिने पाय ओढला, वळून त्याच्याकडे बघितलं, कुंईं केलं. म्हणाला, हे असं राहिलं पाहिजे.
लक्षात ठेवणे: पंजा दाबला की पाय ओढला पाहिजे.

बाहेर एक मांजर होतं, शेपूट दारात सापडून ओढली गेलेलं. शेपटीच्या मुळाशी नसा तुटल्या, आता लघवी अडते, असं मालकीणबाई सांगत होत्या. लोक काळजी कशी घेत नाहीत, कळत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
गोळ्या लागू पडल्या. शेपूट हलते, पिंजऱ्यात भुंकते. मी बायकोला म्हटलं, बरी झाली. ती म्हणाली, दुखणं थांबलंय, बरी झालेली नाही, डॉक्टर बजावून म्हणाला होता. चिठ्ठी आयुष्यात मैदानाची एक फेरी पूर्ण पळालेला नाही. आराम हे त्याचं जुनंच औषध.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ११
बायको दुकानात. पट्टीला पाच मिनिटं बाहेर काढलं. नुसतं वॉर्मअप. दारावरची बेल वाजली तशी फरशीवरून सुसाट पळाली, वळणावर घसरली. भिंतीला लागली थोडीशी. पळाली म्हणजे पाय उत्तम आहेत. बायकोला सांगितलं नाही, उगाच ताप नको.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.२०
मागचे पाय एकमेकांत अडकतात. पंजा उलटा टेकवून उभी राहते. कारण: गोळ्यांची गुंगी.

मंगळवार, संध्याकाळी ५
मागचे पाय ओढत चालते. म्हणजे पुढचे चालतात, मागचे येतात. कारण: फरशी गुळगुळीत. चटया अंथरल्या.
बायकोने विचारलं की डॉक्टरला फोन केला का. केला म्हटलं. करणारच होतो. मुलीचाही फोन आला. पट्टी आराम करतेय असं सांगितलं. त्यात खोटं काय आहे?

१५ ऑक्टोबर, बुधवार
स्वतः परीक्षा घेतली. डावा पंजा दाबला: ओढला. उजवा: ओढला. जीव भांड्यात पडला. बायकोला बोलावून पुन्हा दाबून दाखवला. तिचंही समाधान झालं.
अंथरूण सकाळी ओलं. दुपारीही ओलं. उचललं की थेंब थेंब गळतं. पिंजऱ्यात ठेवल्याने शिस्त गेली, दुसरं काय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी १०
आजची परीक्षा जास्त कडक. कपड्यांच्या चिमट्याने. पाय कालपेक्षा झटकन ओढला. समोर बिस्किट ठेवलं होतं, ते खातच राहिली, मान वर करून बघितलंही नाही. सहनशक्ती वाढली आहे. दहापैकी नऊ.
दुपारी चिठ्ठीचा फोन, आपणहून. विचारत होता की सर, पाय चालतात ना? मी म्हटलं हलतात. तो म्हणाला शंका वाटली तर घेऊन या, कधीही. सरांना यापेक्षा जास्त विचारायची त्याची टाप नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
बायकोने सकाळी स्वतः पंजा दाबून पाहिला. माझ्यासारखी पंजा बघत बसली नाही, तोंडाकडे बघत होती. मग पट्टीला टोपलीत घेऊन निघाली. मी मागून गेलो.

चिठ्ठीने चिमटा लावला. पाय ओढला गेला. मी म्हटलं, बघ. तो म्हणाला, सर, चेहरा बघा. अजून जोरात दाबला. पट्टी भिंतीवरचं घड्याळ बघत होती. त्याने समजावलं की पाय ओढणं हे पाठीच्या खालच्या भागातलं काम आहे, ते मेंदूला न कळवताही होतं. तिला काही कळतच नाहीये. म्हणून ती बिस्किट खात होती.

कधी गेले पाय, असं विचारलं त्याने. मी काल म्हटलं. बायको म्हणाली, मंगळवारी. आणि तुम्हाला यांनी फोन केला होता ना मंगळवारी? तो खाली बघून कागद भरत राहिला. मग हळूच म्हणाला की सर, तेव्हा आणलं असतं तर. त्याने मला रागावायला हवं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
मुलगी ट्रेनिंग सोडून आली. मोठ्या हॉस्पिटलात काल ऑपरेशन झालं. तिथले सर्जन म्हणाले की वेळेत आली असती तर निम्म्याहून जास्त आशा होती, आता फारच थोडी. मुलीला मी आपणहून सोफ्याचं सांगायला घेतलं, तर म्हणाली, बाबा, नको.
संकल्प: उद्यापासून मालिश शिकून घेणे.

२५ ऑक्टोबर, शनिवार
टाके छान. संवेदना नाही. लघवी हाताने पोट दाबून काढावी लागते, दिवसातून चार वेळा. बायको शिकली. मीही शिकतो म्हटलं. मुलगी म्हणाली, तुम्ही हात लावू नका. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९
ऑपरेशनला सोळा दिवस झाले. चिठ्ठी घरी येऊन तपासून गेला. पंजा दाबला, पाय ओढला गेला, ती शांत. आता यापुढे संवेदना येणं कठीण, असं तो मुलीला म्हणाला. जाताना मला सर म्हणाला. नसतं म्हटलं तर बरं झालं असतं.

मुलगी तिला स्वतःच्या घरी घेऊन गेली. चूक माझी होती. सोफा माझा, फरशीवरचं वॉर्मअप माझं, फोनही मीच केला नाही. हे मुलीला सांगायचं होतं. मी सांगितलं ते एवढंच, की रस्त्यात सावकाश जा.

सामान बाहेर गेल्यावर तिने बूट घालायला पट्टीला क्षणभर खाली ठेवलं. मी मुद्दाम लांब, खिडकीपाशी होतो. पट्टीने मला पाहिलं. कान मागे गेले आणि पुढचे दोन पाय चालायला लागले, सगळी खोली ओलांडून, मागचं अंग फरशीवरून ओढत. मी हाक मारली नव्हती. माझ्या पायापाशी पोचली आणि बोटं चाटायला लागली. मला रडू आलं. मुलीने तिला उचललं, फरशीवरचा ओला पट्टा पुसला आणि दार लावून घेतलं.