सुकेळीचा तुकडा

फ्लॉईड,

सुझान नाटकं करते, काम नको म्हणून झोपून राहते, हे कुवेतला जाण्याआधी तू भुईगावभर सांगितलंस. "रिपोर्ट आण, मग घरी ये," असं बजावून मला माहेरी सोडलंस. आज त्या रिपोर्टसाठीची चाचणी होती.

उपाशीपोटी मला इन्सुलिन टोचलं. रक्तातली साखर मुद्दाम खाली आणायची आणि घाबरलेलं शरीर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसोल, म्हणजे ताण पेलायला बळ देणारा रस, सोडतं का, ते बघायचं. बाळंतपणात एवढं रक्त गेलं, तेव्हापासून माझं ते आटलंय, असा डॉक्टरांना संशय आहे. सांगेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, अशी ताकीद होती.

सोबत तुझी आई होती, मी फसवत नाही ना हे बघायला. मला दरदरून घाम फुटला, समोरची नर्स पुसट झाली. आईंचा जप थांबला. ईस्टरआधीच्या या उपवासकाळात त्यांनी स्वतः गोड सोडलंय, पण चाचणीनंतर मला द्यायला सुकेळी आणली होती. नर्सची पाठ वळताच त्यांनी त्या सुकवलेल्या केळ्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

"खा गं पोरी, आग लागो त्या रिपोर्टला!"

चाचणी वाया गेली. डॉक्टर भयंकर चिडले. आता सगळं पुन्हा करायचंय.

रिपोर्ट नाही, म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही. पण आईंनी मला बाळासकट घरी आणलंय, तुझ्या-माझ्याच खोलीत निजवलंय. बाहेर त्या तुला फोन लावून बसल्यात. त्यांचा आवाज आत्ताच चढलाय.

तुझ्याच घरातून,
सुझान