सड्याखालची रेघ

आंबेकोंड, जि. रत्नागिरी,
२४ मे २००९

प्रिय बाबा,

वडिलांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' लिहायचं असतं, हे आई मागे उभी राहून दोनदा सांगून गेली. पण मला आज 'प्रिय'च लिहायचंय. फोनवर तू "जेवलीस काय, आई बरी हाय ना" एवढं विचारतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. सावकाश वाच. मध्येच सोसायटीचा पंप सुरू करायची वेळ झाली, तर करून ये आणि मग पुढचं वाच.

तुला माहीत आहे, मी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे मथुराबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका यायच्या. साठी ओलांडलेल्या, माउस धरताना हात थरथरायचा, पण वहीत सगळं लिहून घ्यायच्या. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. इंटरनेटवर एक नकाशा सुरू झालाय, कुणालाही बघता येतो, असं त्यात होतं. मला म्हणाल्या, "राही, यात माझं माहेर दिसेल का गं?" त्यांचं माहेर आरे-वारेच्या बाजूला. अर्धा तास झटापट केली. ब्रॉडबँड म्हणायचं, पण चित्र तुकड्यातुकड्यांनी यायचं, एक चौकोन हिरवा, बाजूचा कोरा. शेवटी दोन किनाऱ्यांची पांढरी कड दिसली, वळणाचा रस्ता दिसला आणि एका माडाच्या बागेत लाल कौलाचा ठिपका. मथुराबाईंनी पडद्यालाच हात जोडले. मी हसले नाही, बाबा. माझ्याच अंगावर काटा आला होता.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की डाव्या बाजूला एक बारीक बाण आहे, तो आपण दाबलाच नाही. दाबला, तर आतून यादी उघडली. केवढी लांब! रस्ते, नद्या, जंगल, माती, खडक, गावांच्या हद्दी. प्रत्येक नावापुढे रिकामा चौकोन. त्यात क्लिक केलं की बरोबरची खूण येते आणि तो थर नकाशावर पसरतो. शाळेत आम्ही तेलकट कागदावर नकाशा गिरवायचो ना, तसे कागद एकावर एक ठेवत जायचं. खालचा दिसेनासा झाला तर वरचा पुसट करायचा, त्यासाठी एक सरकती पट्टी असते. सुरुवातीला मी सगळ्याच चौकोनांत खुणा केल्या आणि नुसता रंगांचा काला झाला. मग एकेक काढून एकेक लावायला शिकले.

मथुराबाईंचा कोर्स संपला, पण माझं वेड गेलं नाही. दुपारी दोन बॅचच्या मध्ये, वीज असेल तर, मी तो नकाशा उघडून बसायची. खरं सांगू? पहिल्यांदा मी आपलं गाव नाही शोधलं. डोंबिवली शोधली. रेल्वेची रेघ धरून पुढे गेले, नाला ओलांडला आणि गच्चीवरच्या टाक्या मोजत मोजत तू पंप चालवतोस ती इमारत ओळखली. त्यातल्या कुठल्या तरी टाकीजवळ तू उभा असशील असं वाटून मी किती तरी वेळ बघत बसले. त्यानंतर आंबेकोंड बघितलं.

वरून आपलं गाव म्हणजे दरीत दडलेली हिरवी चिंधी आणि वर एवढा थोरला उघडा सडा, नुसता कातळाचा माळ. तुझ्या पाठीमागून मी त्या सड्यावर किती चालले असेन, पण तो एवढा मोठा आहे हे मला कळलंच नव्हतं. आणि त्या तांबूस करड्या कातळावर एक काळा ठिपका होता. मी जवळ गेले, आणखी जवळ गेले. ठिपका गोल होता. आपली विहीर, बाबा. जिला सगळे तुझ्या नावानं 'म्हैपताचा खड्डा' म्हणतात, ती. आकाशातूनसुद्धा दिसत होती. माझी मान खाली गेली. एकटीच होते, तरी गेली.

तेव्हाचं तुला सांगायची गरज नाही, पण मला आठवतंय ते लिहिते. तू काठी फिरवणारा पाणाड्या नव्हतास. तू नुसतं बघायचास. वैशाखातही कुठल्या चिरेत गवत ओलं राहतं, कुठे कातळात एकटाच उंबर उभा आहे, वारुळं कुठल्या ओळीत आहेत. माझं बोट धरून तू म्हणायचास, "बघ गो, ही झाडां उगीच रांगेत उभी नाय ऱ्हायलीत." मग अठ्ठ्याण्णव साली तुझ्या शब्दावर विहीर खणायला घेतली, प्रत्येक घरातला एक माणूस, चार महिने, पहार आणि सुरुंग. बेचाळीस फूट. जांभा संपला, काळा खडक लागला आणि त्यातून थेंब आला नाही. बायका पुन्हा हंडे घेऊन खाली दरीतल्या पऱ्याच्या पाण्याला जायला लागल्या आणि तू मृगाच्या आधी मुंबईची गाडी धरलीस. गणपतीला आला नाहीस, शिमग्याला आला नाहीस. अकरा वर्षं.

तर, यादीत मी 'पाणी' शोधत होते. तसं नावच नव्हतं. 'खडक' या नावाखाली आणखी एक चौकोन होता, त्याच्यापुढे अधिकची खूण. ती दाबल्यावर चार नावं निघाली, सगळी इंग्रजी. त्यातलं एक होतं 'लिनियामेंट'. अर्थ माहीत नव्हता, मागाहून शोधला: खडकातल्या भेगेची रेघ. खूण केली तर काहीच उमटलं नाही. दोन दिवस मला वाटलं तो थर बिघडलेलाच आहे. मग तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं की ठरावीक उंचीच्या खाली उतरल्याशिवाय हा थर दिसणार नाही. मी उतरत गेले. एका टप्प्यावर एकदम, कुणी तरी पेन्सिल फिरवावी तशा, सड्यावर रेघा उमटल्या. त्यातली एक लांब, सरळ, खाडीकडून आलेली, आपल्या सड्यावरून तिरपी गेलेली. मी उपग्रहाचं चित्र वर आणलं आणि अर्धं पुसट केलं. रेघेवर तुझा उंबर होता. रेघेवर तुझी वारुळांची ओळ होती. तू बोटानं दाखवायचास ती सगळी रांग त्या रेघेवर बसली होती, बाबा! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. हजारो वर्षं खडकाच्या पोटात असलेली ती गोष्ट एका उपग्रहानं शेकडो मैलांवरून ओळखली आणि तू चपला घालून, सकाळच्या उन्हात, नुसत्या डोळ्यांनी ओळखलीस.

पण विहिरीचा ठिपका रेघेवर नव्हता. बाजूला होता. नकाशावर मोजलं तर पन्नास मीटरच्या आसपास, म्हणजे तुझी सत्तर पावलं. मला रडू आलं. इतकं सगळं बरोबर बघून तू नेमका तिथंच कसा चुकलास? रागारागात मी बाकीचे थर काढत सुटले, त्यात चुकून गावांच्या हद्दींवर क्लिक झालं. पिवळी रेघ आली. विहीर आणि ती भेग यांच्या मधून गेली. विहीर आंबेकोंडात, हद्दीला अगदी खेटून. भेग पलीकडे, करंजखोलच्या रमजानचाचांच्या जागेत. तीन थर एकत्र नसते तर मला हे कधीच कळलं नसतं. कुठलाही एक थर बघितला तर तू चुकला होतास. तिन्ही बघितले तर तुला कुणी तरी हद्दीच्या अलीकडे ओढलं होतं.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या गाडीनं घरी गेले आणि आईला सरळ विचारलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्यांनी माझ्याकडून शपथ घेतलानी होती." तू खुंटी पलीकडे मारली होतीस. रमजानचाचांनी जागा द्यायला एका शब्दात होकार दिला होता. आणि गावकीच्या बैठकीत सखारामतात्या म्हणाले की विहीर आपल्या हद्दीत असेल तर माणसं देतो, नाहीतर घरी जातो. दुसऱ्याच्या दारात आपल्या बायका पाणी भरणार नाहीत. तुला वाटलं, सत्तर पावलांनी काय होतंय, भेग रुंद असली तर मिळेलही. नाही मिळालं. आणि नंतर तू तोंड उघडलं नाहीस, कारण उघडलं असतंस तर दोन गावांची डोकी फुटली असती. सगळं तुझ्या एकट्याच्या नावावर राहिलं. आईनं एवढं सांगितलं आणि म्हणाली, "आता मोडली शपथ. दहा वर्षं पुरे झाली."

मी कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांकडे छापील चित्रं घेऊन गेले. त्यांनी मला आधी जमिनीवर आणलं. म्हणाले, "ही रेघ म्हणजे पाणी नव्हे. खडकात भेग असावी, एवढाच तिचा अर्थ. आणि ती इकडेतिकडे सरकलेलीही असू शकते. नकाशा फक्त विचारायचं कुठे ते सांगतो." पण दिवाळीनंतर ते स्वतः आले, जमिनीत सळ्या ठोकून यंत्र लावलं, दोन दिवस सडा पालथा घातला. शेवटी त्यांनी चुन्यानं फुली मारली. रमजानचाचा जाऊन सात वर्षं झाली, पण हफीजाचाची आल्या होत्या. त्यांनी फुली बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "तुझ्या बापसानं खुंटी हितंच मारलान होती," त्या म्हणाल्या. "आमच्यांनी ती काढू दिली नाय. वाळवीनं खाल्ली तवाच गेली." जागा देण्याबद्दल विचारायला मी शब्द जुळवत होते, तर त्या म्हणाल्या, "दिलेली जागा पुन्हा काय मागतेस?"

खरी परीक्षा आपल्या गावात होती. मी देवळाच्या मंडपात क्लासचा जुना कॉम्प्युटर नेला, थर एकेक करून दाखवायला. तिथे इंटरनेट कुठलं, म्हणून चित्रं आधीच साठवून नेली होती. पहिल्यांदा सडा. मग भेग. मग विहीर. माणसं पुढे सरकत होती. हद्दीचं चित्र लावायला माझा हात धजेना, कारण सखारामतात्या समोरच बसले होते, आता ऐंशीचे, काठीवर हनुवटी टेकून. मी थांबले ते त्यांनी ओळखलं. म्हणाले, "लाव गो पोरी. ती रेघ मना ठावी हाय." मी लावलं. मग तेच उठले. "म्हैपतानं जागा बरोबर दाखवलान होती. मीच त्याला अलीकडं वढला. खड्डा त्याचा नाय, माझा हाय." एवढं बोलून ते खाली बसले आणि उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

फेब्रुवारीत दोन्ही गावांनी खणायला घेतलं. एक दिवस आंबेकोंड, एक दिवस करंजखोल. जांभा फुटला, मग तांबडी माती, मग खडक, पण या वेळी खडक फुटका, हाताला दमट. गेल्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास, अडतीस फुटांवर पहार एकदम आत गेली आणि खालचा माणूस ओरडला. आम्हाला वाटलं लागलं त्याला. तो ओरडत होता, "गार! गार लागतंय!" दुपारपर्यंत घोट्याएवढं, संध्याकाळी कमरेएवढं. मे महिन्यात, सड्यावर, बाबा. हफीजाचाची आणि आई काठावर पाय सोडून शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि दोघींपैकी कुणालाच घरी जायचं सुचत नव्हतं.

सखारामतात्या तुला त्याच संध्याकाळी फोन लावत होते. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. म्हटलं, आधी मला बोलायचंय. सगळे समजतात तू गावाच्या हसण्यामुळे गेलास. आईही तेच समजते. पण तू निघालास त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुला काय बोलले, ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी बारा वर्षांची होते, वर्गातल्या मुली मला चिडवत होत्या, आणि तू ओटीवर बसून पायातला काटा काढत होतास. मी म्हटलं, "तू हितं नसतास तर बरं झालं असतं." तू वर बघितलंस आणि म्हणालास, "बरं." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं गेलास. मी लहान होते असं म्हणून मला सुटता येत नाही. मला कळत होतं मी काय बोलतेय ते. अकरा वर्षांत दोनदा डोंबिवलीला आले, तुझ्या हातचा चहा प्यायले, आणि दोन्ही वेळा तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणून हे पत्र, पाणी लागलं ते निमित्त. येत्या रविवारी मी येतेय. येताना एक तिकीट, परतीची दोन. त्या दिवशी पंपावर दुसऱ्या कुणाला तरी उभं कर. मला रागाव, दोन तास बोलू नकोस, वाटलं तर एक तिकीट फाडून टाक. फक्त मी "घरी चल" म्हटल्यावर, बाबा, नुसतं "बरं" म्हणून गप्प बसू नकोस.

तुझीच,
राही